दुचाकीवरील संरक्षक लेप (मालवण किनारा)

मोटारसायकलचा रंग, क्रोम आणि उघडा धातू यांचे गंज, ऊन, चरे व डागांपासून रक्षण व्हावे म्हणून चढवलेला पातळ थर म्हणजे संरक्षक लेप. मेण, पॉलिमर सीलंट, ‘टेफ्लॉन’, सिरॅमिक आणि पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म हे रंगावरचे प्रकार. चेसीवर मारायचे गंजरोधक मेण, तेल किंवा रबरी थर हे गाडीच्या खालच्या, सहसा न दिसणाऱ्या भागांसाठी. पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये लेपाचा विचार चकाकीसाठी होतो. मालवण तालुक्यात तो गंजासाठी करावा लागतो, आणि या दोन गरजांची गल्लत झाली की पैसे चुकीच्या जागी खर्च होतात.

याच तालुक्यातले मसुरे हे गाव गड नदीच्या काठी, भरतगडाच्या आसऱ्याला वसलेले. समुद्रापासून काही किलोमीटर आत. हीच नदी पुढे कालावलीच्या खाडीतून तळाशीलपाशी समुद्राला मिळते. लाटा फुटताना उडणाऱ्या खाऱ्या तुषारांतले जड थेंब किनाऱ्यालगतच खाली बसतात, त्यामुळे पहिल्या काही शे मीटरांतच हवेतले मीठ झपाट्याने कमी होते. तळाशीलच्या वाळूच्या पट्ट्यावर, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशा जागी उभी राहणारी गाडी आणि मसुऱ्यातल्या माडाखाली उभी राहणारी गाडी यांचे दुखणे म्हणूनच सारखे नसते. पण मसुऱ्याची गाडी मसुऱ्यात थोडीच थांबते? बाजाराला मालवण, कामाला आचरा, पाहुणे आले की तोंडवळीचा किनारा. ती तिथले मीठ घेऊन घरी येते.

हे मीठ नुसते पडून राहत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. समुद्री क्षारांत असलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओले होते. कोकणात तेवढी आर्द्रता बहुधा असतेच. म्हणजे पाऊस नसतानाही, डोळ्यांना कोरडी दिसणारी गाडी सूक्ष्म पातळीवर ओलीच असते. कराईकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने भारताचा गंज-नकाशाही तयार केला आहे. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे गंजकारकतेनुसार वर्ग पाडले आहेत. त्यातील ‘सी-५’ वर्गाच्या हवेत उघडे साधे पोलाद पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रॉन झिजते. टाकीवरच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉन असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि गंजाचे खापर त्याच्यावर फुटते. निम्मा दोष त्याचा खराच. पण पाऊस गाडीवरचे मीठ धुऊनही नेतो, ही त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. किनारपट्टीवर धातूचा जो भाग आडोशाला असतो, म्हणजे मडगार्डच्या आत, सीटखाली, चेनकव्हरमागे, तिथे मीठ साठत जाते आणि गंज अधिक होतो. त्यात जांभ्याचा तांबडा चिखल बसला की ओल टिकते. शिवाय गंजाचा रंग आणि चिखलाचा रंग एकच, त्यामुळे पोखरण उशिरा दिसते. आवरण घालून ओली गाडी झाकणे हाही त्यातलाच प्रकार. प्लास्टिकखाली ओल अडकते आणि मीठ तिथेच राहते.

कारखान्यातून आलेल्या टाकीवर फॉस्फेटची प्रक्रिया, विजेच्या साह्याने बसवलेला प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट अशी उतरंड असते. ही उतरंड शाबूत असेपर्यंत टाकी बाहेरून सहसा गंजत नाही. गंज सुरू होतो तो तिथे, जिथे ही उतरंड नाहीच: स्पोक, चेन, स्टँडचे सांधे, सायलेन्सरची जोडणी, नटबोल्ट. नटबोल्टांवर जस्ताचा काही मायक्रॉनांचा मुलामा असतो. तो आधी पांढऱ्या भुकटीच्या रूपाने संपतो, मग तांबडे दिसू लागते. शोभेच्या क्रोमचा थर तर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. खरे रक्षण त्याखालचे निकेल करते. त्यातल्या बारीक छिद्रांतून खारे पाणी शिरले की बुलेटसारख्या क्रोमभारी गाडीवर तांबडे ठिपके उठतात.

आता लेपांकडे. ‘टेफ्लॉन कोटिंग’ हे नाव सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवे. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई हे बहुवारिक १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडले. ते ३२७ अंश सेल्सियसला वितळते आणि तव्यावर पक्के बसवायला त्याहून जास्त उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत दुचाकीचा रंग जळून जाईल. सर्व्हिस सेंटरमध्ये जे चोळले जाते ते टेफ्लॉनचे कण घातलेले पॉलिश असते. चकाकी येते आणि काही आठवड्यांत जाते.

सिरॅमिक लेप याहून बराच प्रामाणिक. सिलिकायुक्त द्रव क्लिअर कोटवर पसरवला की तो घट्ट होऊन सुमारे एक-दोन मायक्रॉनांचा कठीण थर बनतो. पाणी मण्यांसारखे घरंगळते, चिखल चिकटत नाही, पक्ष्यांची विष्ठा आणि आंब्याचा चीक लगेच पुसला तर डाग राहत नाही. आमराईत गाडी लावणाऱ्याला हा फायदा छोटा नाही. जाहिरातीतला ‘९-एच’ मात्र पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आकडा आहे, खनिजांच्या नव्हे. उडालेला खडा हा थर अडवत नाही. आणि खर्च काही हजारांचा. दोन-तीन वर्षांच्या हमीला ठराविक मुदतीत तपासणीची अट सहसा जोडलेली असते. त्यासाठी केंद्र जवळ असेल तरच ती हमी उपयोगाची.

खडा अडवते ती फिल्म. दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीचा पॉलियुरेथेनचा पापुद्रा टाकीच्या गुडघे घासणाऱ्या बाजूंवर आणि पुढच्या मडगार्डवर लावला तर पैसे वसूल होतात. पूर्ण गाडीला गुंडाळणे ही हौस. मॅट रंगावर मेण किंवा पॉलिश लावू नये, त्याचे चकाकणारे चट्टे पडतात. त्यासाठी मॅटचेच द्रव्य घ्यावे.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते. तिची तारीख पंचांगाने नव्हे, देवीच्या कौलाने ठरते आणि लाखो भाविक येतात. मोकळ्या मैदानात लावलेल्या दुचाकींवर तांबड्या धुळीचा थर चढतो आणि घरी आल्यावर लोक तो कोरड्या फडक्याने पुसतात. जांभ्याची धूळ बारीक असली तरी रंगावर वर्तुळाकार चरे पाडायला ती पुरते. आधी पाणी ओतून धूळ वाहवावी, मग हात लावावा. कुठल्याही लेपाने या सवयीची भरपाई होत नाही.

गंजावरचा खरा उपाय दिसायला ओबडधोबड आहे. मडगार्डच्या आत, स्विंगआर्मच्या कोपऱ्यांत, स्टँडच्या मुळाशी गंजरोधक मेणाचा फवारा. चेनला ९० नंबरचे ऑइल. स्पोक आणि नटबोल्टांवर पाणी हटवणाऱ्या द्रवाचा हलका थर. डब्ल्यूडी-४० हे त्यातले प्रसिद्ध द्रव्य १९५३ साली अमेरिकेत ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी निघाले. मात्र ते पातळ असल्याने टिकाऊ लेप म्हणून त्याच्यावर विसंबू नये. गावोगाव पावसाळ्याआधी चेसीवर जळके ऑइल मारतात. त्याने काही काळ ओल अडते हे खरे, पण धूळ चिकटते, रबर फुगते, थेंब ब्रेकवर गेला तर जिवावर बेतते आणि उरलेले अंगणातून विहिरीकडे जाते.

इथे एक आडवळण घेण्याजोगे आहे. काजूच्या टरफलांचे काळे, अंग भाजणारे तेल लाकडी होड्यांना चोपडण्याची रीत पश्चिम किनाऱ्यावर जुनी आहे. त्याच तेलातील कार्डेनॉलपासून आज जहाजांच्या इपॉक्सी रंगांचे हार्डनर बनतात, कारण ते दमट हवेतही घट्ट होतात. टरफलाच्या तेलाची भुकटी ब्रेक लायनिंगमध्येही वापरतात. म्हणजे काजूच्या जिल्ह्यातली टरफले दुचाकीच्या कामी येतात, फक्त रंगावर नव्हे. समुद्राचा आणि दुचाकीचा आणखी एक संबंध असा: बजाजने २०१६ साली आणलेल्या व्ही-१५ मोटारसायकलच्या टाकीत मोडीत काढलेल्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेचा धातू वापरला होता. १९६१ ते १९९७ नौदलात राहिलेल्या त्या पोलादालाही समुद्राने खाऊ नये म्हणून सतत खरवडणे-रंगवणे चुकले नव्हते.

आधीच गंजलेल्या भागावर लेप चढवू नये. गंज आत कोंडला जातो आणि पत्रा खालून खात राहतो. घासून काढणे, गंज-रूपांतरक, प्रायमर, रंग असा क्रम पाळावा.

ताळा असा: नव्या, गडद रंगाच्या आणि बराच वेळ उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला सिरॅमिक परवडते, शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाडीला वर्षातून दोनदा लावलेले साधे मेण पुरते. किनाऱ्यावर जाऊन आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणे हे दोन्हींहून मोलाचे. उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले असेल तर ते वापरू नये. खालच्या धातूला गंजरोधक लेप मृगाआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर पुन्हा एकदा द्यावा. दसऱ्याला हार घालण्यासाठी गाडी धुतली जातेच, तेव्हा मडगार्डच्या आत हात घालून पाहावे.