पाण्याला वाट दाखवणारा पत्रा

खिडकीची किंवा दाराची चौकट भिंतीला जेथे मिळते, त्या सांध्यात दुमडलेल्या पत्र्याची एक अरुंद पट्टी बसवतात. बांधकामाच्या परिभाषेत तिला फ्लॅशिंग म्हणतात. काम पूर्ण झाल्यावर तिची बाहेर आलेली कड तेवढी दिसते आणि ही पट्टी पाणी अडवण्यासाठी आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तिचे काम निराळे आहे. सांध्यापर्यंत आलेल्या पाण्याला ती उतार देते आणि भिंतीपासून दूर नेऊन सोडते. अडवणे आणि वाटेला लावणे यांतील हा फरक समजण्यामागे दगडी वास्तुकला, धातुविद्या आणि भौतिकशास्त्र यांचा मोठा इतिहास आहे. त्यातील पहिले दोन धागे भारतातून जातात.

भिंतीचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे तिच्यातील उघडी जागा. सलग भिंत थोडे पाणी शोषते आणि पुन्हा वाळते. परंतु दोन भिन्न पदार्थ जेथे भेटतात तेथे आज ना उद्या फट पडते, कारण ऊन-थंडीत प्रत्येक पदार्थ वेगळ्या प्रमाणात प्रसरण आणि आकुंचन पावतो. भारतीय स्थपतींचे यावरील उत्तर म्हणजे छज्जा. १५७१ च्या सुमारास बांधकाम सुरू झालेल्या फतेहपूर सिक्रीत रुंद, तिरपे दगडी छज्जे जागोजागी दिसतात. सलीम चिश्ती यांच्या दर्ग्याचा छज्जा तर नागमोडी कोरीव आधारांवर तोललेला आहे. साडेतीन शतकांनंतर एडविन लटियन्स यांनी दिल्लीतील आजच्या राष्ट्रपती भवनासाठी हाच घटक उचलला. एकाच दगडाने ऊनही अडते आणि पाऊसही दूर पडतो, हे त्यामागचे साधे गणित.

छज्ज्याचे खरे मर्म मात्र त्याच्या काठाशी आहे. काठावर आलेले पाणी सरळ खाली पडेलच असे नाही. पृष्ठताण आणि दगडाशी असलेले आसंजन यांमुळे ते काठाला वळसा घालते, तळाला चिकटते आणि उलट्या दिशेने भिंतीकडे येते. म्हणून तळाशी, काठापासून किंचित आत, एक खाच ठेवतात. तेथे पाण्याची वाट तुटते आणि थेंब सुटतो. वळचणीवरून गळणाऱ्या धारांना मराठीत पागोळ्या म्हणतात. ही पागोळी भिंतीला न शिवता पडावी, हाच त्या खाचेचा हेतू. फ्लॅशिंगच्या खालच्या कडेला पत्रा बाहेरच्या बाजूस किंचित वाकवलेला असतो, त्याचे कारणही नेमके हेच आहे.

दगडाचे काम पत्र्याकडून करून घ्यायचे तर पत्रा पातळ, सहज दुमडणारा आणि न गंजणारा हवा. युरोपात त्यासाठी दीर्घकाळ शिसे वापरले गेले. ते मऊ आणि टिकाऊ असले तरी जड आणि विषारी आहे. लोखंडी पत्रा मजबूत आणि स्वस्त, पण उघड्यावर लवकर गंजतो. या अडचणीतून सोडवणारा धातू ठरला जस्त, आणि जस्ताच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण राजस्थानात घडले आहे.

जस्त मिळवणे अवघड का होते? जस्ताचे ऑक्साइड कोळशासह तापवले तर सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या पुढे धातू मोकळा होतो. पण जस्त ९०७ अंशांनाच उकळते. त्यामुळे भट्टीत धातू तयार होतो तो वाफेच्या रूपात, आणि हवेशी गाठ पडताच त्याचे पुन्हा ऑक्साइड होते. उदयपूरजवळील झावर येथे मध्ययुगात या कोड्यावर मोठ्या प्रमाणावर उपाय योजला गेला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मूषा भट्टीत उलट्या मांडत आणि त्यांच्या नळ्या खालच्या थंड कप्प्यात उतरवत. वाफ खाली येऊन तेथे हवेविना थिजत असे. १९८३ मध्ये हिंदुस्थान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संशोधकांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा एका वेळी ३६ मूषा मावणाऱ्या भट्ट्या उजेडात आल्या. युरोपात विल्यम चॅम्पियन यांनी ब्रिस्टल येथे जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. झावरचे जस्त मुख्यतः पितळेसाठी जात असे, पत्र्यासाठी नव्हे. मात्र वापरून झालेल्या मूषा वाया गेल्या नाहीत. गावकऱ्यांनी त्या रचून घरांच्या भिंती उभारल्या.

जस्त आणि लोखंड यांची जोडी जमली एकोणिसाव्या शतकात. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या आवरणाला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले, की अधिक क्रियाशील धातू स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. १८३७ मध्ये फ्रान्समधील स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडाला वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्या शतकाच्या उत्तरार्धात असा पत्रा रेल्वेची स्थानके, चहामळे आणि डोंगरी शहरे यांच्याबरोबर भारतभर पोहोचला. मराठीने त्याला जस्ती पत्रा हे अचूक नाव दिले. हा लेप किती पातळ असतो, हे पाहण्यासारखे आहे. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असेल, तर प्रत्येक बाजूवरचा थर जेमतेम २० मायक्रोमीटर भरतो.

विसाव्या शतकात काँक्रीट आले. प्रारंभी लिंटेलसोबत ओतलेला काँक्रीटचा छज्जा घरोघरी दिसू लागला. पुढे इमारती उंच झाल्या, दर्शनी भाग सपाट झाले आणि अनेक ठिकाणी छज्जा गळून पडला. उंचीवर पाऊस सरळ पडत नाही, वारा त्याला भिंतीवर आपटतो. वाऱ्याचा दाब काढण्यासाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात सोपे सूत्र आहे: वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणावे. वेग सेकंदाला १५ मीटर असेल, तर दाब येतो १३५ न्यूटन प्रति चौरस मीटर. एवढा दाब फटीतील पाणी सुमारे १४ मिलिमीटर वर ढकलू शकतो. वेग दुप्पट झाला की हीच उंची चौपट, म्हणजे सुमारे ५५ मिलिमीटर होते. केशाकर्षणाची भर वेगळीच. १ मिलिमीटर रुंदीच्या फटीत पाणी त्याच्या बळावर सुमारे १५ मिलिमीटर चढते. खिडकीच्या तळाशी असलेल्या फ्लॅशिंगची आतली कड उभी दुमडतात आणि दोन्ही टोकांनाही उभे कान ठेवतात, ते या चढत्या पाण्यासाठी.

या अनुभवाला नेटका सिद्धांत मिळाला १९६३ मध्ये. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील जी. के. गार्डन यांनी एका छोट्या लेखात मांडले, की पाणी आत येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: भिंतीवर पाणी, त्याला शिरायला फट आणि आत ढकलणारे बल. यांपैकी एक काढून घेतली तरी गळती थांबते. फट कायमची बंद ठेवणे सर्वांत कठीण, म्हणून बलावर ताबा मिळवावा आणि शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट द्यावी.

विशेष म्हणजे ज्या देशात हे लिहिले गेले, तेथेच त्याचा विसर पडला. १९८० आणि १९९० च्या दशकांत ब्रिटिश कोलंबियाच्या किनारपट्टीवर हजारो सदनिका गळू लागल्या. लाकडी सांगाड्यावर गिलावा, वळचणींचा अभाव आणि खिडक्यांपाशी चुकीचे किंवा मुळीच नसलेले फ्लॅशिंग, असा तो प्रकार होता. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, त्यामुळे सांगाडे कुजले. दुरुस्तीचा खर्च अब्जावधी डॉलरांवर गेला आणि तो बहुतांशी रहिवाशांच्या माथी आला. १९९८ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याआधी झालेल्या पाहणीत दिसले होते, की पाणी मुख्यतः खिडक्यांसारख्या सांध्यांतून शिरले आणि छत जेवढे बाहेर आलेले तेवढी भिंतीची हानी कमी झाली. छज्ज्याचा धडा तेथे मोजून सिद्ध झाला.

भारतातील विटा आणि काँक्रीट लाकडासारखे कुजत नाहीत, परंतु ओल काँक्रीटमधील सळईपर्यंत पोहोचली की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. आज पुष्कळ खिडक्यांचे सांधे केवळ सीलंटच्या एका रेघेवर सोडलेले असतात. उन्हाने ते सीलंट कडक होते, सुटते आणि पाण्याला वाट मोकळी होते. पत्रा बसवला तरी धातूंची निवड चुकून चालत नाही. तांब्यावरून आलेले पाणी जस्ती पत्र्यावर पडले तर जस्त लवकर झिजते. ओल्या सिमेंटचा अल्कधर्मी स्पर्श ॲल्युमिनियमला आणि जस्तालाही बाधतो. खाऱ्या हवेत लेपाचे आयुष्य कमी होते. कराईकुडी येथील केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेने देशाचा गंज-नकाशा तयार केला, तो प्रदेशागणिक बदलणाऱ्या अशा परिस्थितीची जाण देण्यासाठीच.

नियम मात्र कौलारू छपराइतका जुना आहे: वरच्या थराची कड खालच्या थरावर यावी, उतार बाहेर असावा आणि शेवटी थेंब सुटावा. खिडकी बसवण्यापूर्वी हे काम करायला थोडाच वेळ लागतो. नंतर त्यासाठी भिंत फोडावी लागते. घरातल्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्याशी दर पावसाळ्यात उमटणारा डाग नव्या रंगाने झाकला जातो आणि पुढल्या वर्षी परत येतो, कारण त्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट कोणी ठेवलेलीच नसते.