आल्बमातील माणसे

पुस्तकात छायाचित्र छापण्याची सोय नव्हती त्या काळी ते चिकटवीत असत. हाफटोनची छपाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तत्पूर्वी छायाचित्रांचा ग्रंथ काढावयाचा म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाच्या साहाय्याने एकेक चित्र उतरवावयाचे, ते कापावयाचे आणि प्रत्येक प्रतीत हाताने डकवावयाचे. या खटाटोपामुळे एक गोष्ट आपोआप घडली. चित्र कोठे लावावे, कोणाच्या शेजारी लावावे आणि त्याखाली काय लिहावे, याचा विचार करणे भाग पडले. आमच्या मते छायाचित्रणाचा अर्धा इतिहास कॅमेऱ्यात घडला आणि उरलेला अर्धा या डिंकाच्या वाटीत.

या इतिहासाचे पहिले पान मुंबईचे आहे. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानातील या प्रकारची ही पहिलीच संस्था. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांची नावे तिच्या सभासदांत आढळतात. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला. पुढे व्यवसायात नाव मिळविलेले हरिश्चंद्र चिंतामण तेथेच शिकले. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन व हेंडर्सन या दोघांनी छायाचित्रांचे एक मासिकच चालविले. अंक चोवीस, आणि प्रत्येक अंकात तीन चित्रे, सर्व डकविलेली.

यांतील विल्यम जॉन्सन हा मुंबई सरकारचा नोकर. त्याने १८६३ व १८६६ साली मुंबईतील जातिजमातींविषयी दोन खंड प्रसिद्ध केले. पहिला गुजरात, कच्छ व काठेवाड यांविषयी, दुसरा महाराष्ट्राविषयी. माणसे स्टुडिओत साध्या पडद्यापुढे उभी करावयाची, दुसऱ्या काचेवर एखादे देऊळ, तलाव वा रस्ता टिपावयाचा आणि मग दोहोंचा मिलाफ करून एकच चित्र उतरवावयाचे, अशी त्याची युक्ती होती. तिला फसवणूक म्हणावयास आम्ही तयार नाही. त्या वेळच्या ओल्या काचा मंद होत्या, उघड्या रस्त्यावर चारसहा माणसांना निश्चल उभे करणे सोपे नव्हते, आणि मिलाफाचे काम पुष्कळदा नजर ठरावी इतके सफाईदार झाले आहे. परंतु आमचे पणजोबा-खापरपणजोबा ज्या जमिनीवर उभे दिसतात तीवर ते कधी उभे राहिलेच नसतील, ही जाणीव झाली म्हणजे दुसरा खंड चाळताना बोट क्षणभर थबकते. चित्रांखाली नावे आहेत, पण ती प्रायः माणसांची नव्हेत, जातींची आहेत.

हीच रीत पुढे सरकारने उचलली. लॉर्ड कॅनिंगच्या हौसेतून जमू लागलेला चित्रसंग्रह १८६८ ते १८७५ या अवधीत 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंडांत बाहेर पडला. संपादक वॉटसन व के. चित्रे साडेचारशेच्या वर. प्रत्येक चित्राशेजारी मजकूर असे आणि त्यात एखाद्या जमातीस चोर, दुसरीस आळशी ठरवून टाकण्यास लेखकांस संकोच वाटत नसे. १८६९ साली सय्यद अहमद खान आपल्या मुलांसह लंडनमध्ये असता इंडिया ऑफिसात त्यांनी हा ग्रंथ पाहिला. मुलगा महमूद पाने चाळीत होता, तोच एका तरुण इंग्रजाने विचारले, आपण हिंदुस्थानी काय? महमूद होय म्हणाला, पण शरमेने लाल झाला, आणि आपण मूळचे तेथले नव्हे, आपले पूर्वज परदेशातून आलेले, असे घाईघाईने सांगू लागला. हा प्रसंग सय्यदसाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. चित्रांनी त्या मुलाचे काही बिघडविले नव्हते; त्यांच्या मांडणीने बिघडविले.

यानंतर लाला दीनदयाळ यांच्याकडे वळले की हायसे वाटते. आमच्या वाचकांस तर हा गृहस्थ जवळचा वाटावा, कारण तो मुळात सार्वजनिक बांधकाम खात्याचा माणूस. जन्म १८४४ सालचा, सरधन्याचा. शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात. आणि १८६६ पासून नोकरी इंदुरास, होळकरांच्या राजधानीत, नकाशे काढण्याची व अंदाजपत्रके करण्याची. १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती आला. मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डॅली यांनी उत्तेजन दिले, आणि पुढचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंड पालथा घालून टिपलेल्या वास्तूंचा ग्रंथ १८८६ साली निघाला. या चित्रांत खांबाचा माप घेणारा डोळा स्पष्ट दिसतो. अंदाजपत्रकाची नोकरी अगदीच वाया गेली नाही! दीर्घ रजा काढून त्यांनी अखेर ती नोकरी सोडली, आणि सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी छायाचित्रकार झाले. १८८६ मध्ये सिकंदराबादेस व १८९६ मध्ये मुंबईस त्यांचे स्टुडिओ निघाले. मधल्या काळात, १८९२ साली, हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी एक निराळा स्टुडिओ थाटला. तेथे चित्रे घेणारीही स्त्रीच. १९०५ मध्ये ते वारले.

दीनदयाळांचे ग्राहक बहुधा राजे व साहेबलोक होते, तेव्हा त्यांचे आल्बम म्हणजे दरबार, शिकार, कवायती व राजवाडे. येथेही मांडणी दुसऱ्याच्याच इच्छेने चाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही त्यांच्यापुढे बसलेला माणूस नमुना म्हणून बसलेला नसे. तो आपला पोशाख आणि आपली ऐट स्वतः निवडून आलेला असे, आणि चित्राची किंमतही तोच मोजी. जॉन्सनच्या पडद्यापुढील माणसाला हा अधिकार होता असे वाटत नाही.

दीनदयाळांच्या वंशजांकडील २,८५७ काचेच्या पट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. आता अशी चित्रे उजळ पडद्यावर बोटाच्या स्पर्शाने सरकतात, डिंक लागत नाही. पण कोणते कोणाशेजारी ठेवावे आणि खाली काय लिहावे हा प्रश्न होता तसाच आहे.

हे सारे वाचीत असता आम्ही घरचा जुना आल्बम काढला, बदल्यांच्या गावोगावचा, आणि चित्रांच्या पाठीमागे पेन्सिलीने नावे लिहीत बसलो. साहेबांची आठवली, सहकाऱ्यांची आठवली, त्यांच्या मुलांचीही आठवली. सातव्या पानावर कचेरीच्या पायऱ्यांशी टोकाला एक शिपाई उभा आहे. तीन वर्षे रोज सकाळी त्याने आमच्या टेबलावर पाणी आणून ठेवले. त्याचे नाव घरात कोणालाच सांगता आले नाही.