सांवेर रोडची शेड, क्रीम फिएट आणि चार इंची रोलर



परवा टोरंटोहून भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. तिथला कुणी माणूस घरच्या गॅरेजात, भिंतीला रंग लावायच्या लहान स्पंजच्या रोलरने आपली जुनी गाडी रंगवतोय. खाली भाच्याने लिहिलं होतं, "मामा, जुगाड बघ!" मी उत्तर दिलं, "अरे, हा जुगाड तुझ्या आजोबांनी 1998 सालीच सांवेर रोडवर करून ठेवलाय." त्याचा विश्वास बसेना. म्हणून आज सगळं लिहूनच काढतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत बाबांची भाड्याची लहानशी शेड होती. विजेच्या पॅनेलचे पत्र्याचे डबे बनायचे. कापणं, वाकवणं, वेल्डिंग, रेड ऑक्साईड आणि वर करडा रंग. बिलं अडकत गेली आणि 1998 च्या पावसाळ्यात शेड बंद करायचं ठरलं. प्रेस विकला, वेल्डिंग सेट विकला, कॉम्प्रेसर आणि स्प्रे गनही गेली. त्यात बँकेचं फिटलं. दोन कामगारांचे पैसे मात्र द्यायचे राहिले. त्यातले एक मिस्त्रीजी, भागीरथपुऱ्यात राहायचे, बाबांकडे पहिल्या दिवसापासून होते.

विकण्यासारखी एकच वस्तू उरली होती, आमची प्रीमियर पद्मिनी. 1981 चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली, क्रीम रंगाची. आम्ही तिला फिएटच म्हणायचो. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फिएट 1100 वरून ही गाडी बनायला लागली. एकेकाळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. पण 1998 साली सँट्रो आली, मटिझ आली, वर्षाच्या शेवटी इंडिका आली. फिएटला कोण विचारतो? त्यात आमचीचा रंग उडालेला, दारांच्या खालच्या कडांना गंज. दलाल म्हणाला, "इंजन बढ़िया है, पर रंग देखके कोई हाथ नहीं लगाएगा." गॅरेजवाल्याने रंगाचे आठ हजार सांगितले. आठ हजार असते तर गाडी विकायला कशाला काढली असती!

बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी चार इंची रोलर घेऊन आले. शेड महिनाअखेरपर्यंत आपल्याच ताब्यात होती.

कॉलेजला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मलाही जुंपलं. पहिले चार दिवस नुसतं घासणं. गंज पत्र्यापर्यंत काढायचा, खड्ड्यात लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साईड. काचांना साबण चोपडून त्यावर 'नईदुनिया'ची पानं चिकटवली. क्रोमच्या पट्ट्यांना व्हॅसलीन, म्हणजे रंग उडाला तरी पुसता येतो. रंग तोच क्रीम, कारण आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, बदलला की आरटीओच्या फेऱ्या आल्या.

रंग म्हणजे साधा सिंथेटिक एनॅमल, दारं-खिडक्यांना लावतात तो. डब्यातला तसाच लावला तर रोलरची खूण उठते, संत्र्याच्या सालीसारखी. म्हणून टर्पेंटाईन घालून दुधासारखा पातळ करायचा. रोलर दाबायचा नाही, त्याच्या वजनानेच फिरू द्यायचा. पहिला हात बघून मला रडू यायचं बाकी होतं. खालचं सगळं दिसत होतं, बुडबुडे वेगळेच. मिस्त्रीजी म्हणाले, "भैया, पहला हाथ कभी अच्छा नहीं दिखता." एक हात, रात्रभर वाळवण. दोन हात झाले की पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने घासायचं, मग पुढचा हात. असे आठ हात दिले. काम सकाळी उशिरा सुरू करून तीनला थांबवायचं, कारण ओल्या एनॅमलला दंव लागलं की चकाकी मरते. धूळ बसावी म्हणून आधी फरशीवर पाणी शिंपडायचं. शेवटी आठवडाभर गाडीला हात लावला नाही आणि मग रबिंग कंपाऊंड. सगळा खर्च नऊशेच्या आत.

मला तेव्हा लाज वाटायची. मित्रांना सांगितलं नाही. लोक गाडी गॅरेजात रंगवतात आणि आपण भिंतीसारखी रंगवतोय! पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की लाजेचं काही कारणच नव्हतं.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात सगळ्याच गाड्या हाताने रंगवल्या जायच्या. बग्ग्या रंगवणारे कारागीरच मोटारी रंगवायला लागले. तेलरंग आणि व्हार्निशचे हातावर हात, मधे घासणं, मधे वाळवण. एका गाडीला आठवडे लागायचे. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 फक्त काळ्या रंगात मिळायची, हे आपण ऐकलेलं असतं. दुसऱ्या बाजूने फवारा आला, तोही गंमतच. अमेरिकेत डॉक्टर डिव्हिलबिस घशात औषध फवारायचं यंत्र बनवायचे. त्यांच्या मुलाने त्याच कल्पनेवरून 1907 च्या सुमारास रंगाची स्प्रे गन केली. आणि ड्यूपाँ ही मुळात स्फोटकांची कंपनी. बिनधुराच्या दारूत जे नायट्रोसेल्युलोज असतं, त्याचाच त्यांनी ड्युको नावाचा रंग केला आणि 1924 च्या मॉडेलच्या ओकलँड गाड्यांना तो लागला. आपले गॅरेजवाले 'एनसी' म्हणतात तो हाच. यातलं थिनर उडालं की रंग वाळला. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं आणि रंगीत गाड्या साध्या माणसाच्या आवाक्यात आल्या.

एनॅमलचं तसं नाही. तो हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतो. त्याला धीर लागतो. म्हणजे स्प्रे आणि एनसीने माणसाचे तास वाचवले. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने ते तास स्वतः भरायचे, इतकाच फरक. आणि रोलर? तो 1940 साली नॉर्मन ब्रेकी नावाच्या माणसाने भाच्याच्याच टोरंटोत काढला. त्याला त्यातून फारसं काही मिळालं नाही म्हणतात.

आपल्या इंदूरला गाडीच्या रंगाचं कौतुक जुनंच आहे. यशवंतराव होळकर महाराजांची ड्यूसेनबर्ग आठवा. अमेरिकन चॅसी, लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली बॉडी, रंग नारिंगी आणि काळा. 1930 च्या दशकातली ती गाडी आजही जगभरच्या शौकिनांना माहीत आहे. माणिकबाग शहराच्या दक्षिणेला, सांवेर रोड उत्तरेला. आमची फिएट या टोकाची.

आता मुद्द्याचं. गाडी खरंच छान दिसायला लागली. चार पावलांवरून कुणाला कळलं नसतं. देवासचे एक शिक्षक बघायला आले. हात फिरवला, खूश झाले. सौदा तेवीस हजारांवर आला. दलालाने बाबांना आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "रोलर की बात मत निकालना."

त्यात एक अडचण होती, ती बाबांना आणि मिस्त्रीजींना ठाऊक होती. जुन्या एनसीवर एनॅमल बसतो, पण एनॅमलवर एनसी मारला की त्याचं तेज थिनर खालचा थर उचलतं. सुरकुत्या पडतात, सगळा रंग खरवडून काढावा लागतो. उद्या गाडीला घासलं आणि गॅरेजवाल्याने नेहमीसारखा एनसी मारला, तर भुर्दंड या मास्तरांना.

बाबा म्हणाले, "मास्टर साब, यह गैरेज का रंग नहीं है. हमने रोलर से किया है, एनॅमल है. इस पर एनसी मत मरवाना." मग वाकून दाराच्या कडा दाखवल्या, कुठे गंज होता, कुठे लांबी भरलीय.

दलालाने कपाळाला हात लावला. मास्तर बाहेर जाऊन बराच वेळ उभे राहिले. परत येऊन म्हणाले, वीस देईन. बाबांनी वीस घेतले.

त्याच संध्याकाळी दोघा कामगारांचे पूर्ण पैसे दिले. मिस्त्रीजी रंगकामाच्या दिवसांची मजुरी घेईनात, बाबांनी ती बळेच त्यांच्या खिशात घातली. कमी पडले ते तीन हजार माझ्या कॉम्प्युटर कोर्ससाठी धरलेले होते. कोर्स एक वर्ष पुढे गेला. मी बाबांशी किती दिवस धड बोललो नाही, ते आता सांगायलाही नको वाटतं. एकदा चिडून विचारलंच, "सांगायची काय गरज होती?" बाबा एवढंच म्हणाले, "अरे, रंग आपण लावला होता ना." मला तेव्हा ते उत्तर वाटलंच नाही.

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. भाच्याचा व्हिडिओ बघताना माझं लक्ष गाडीकडे नव्हतंच. तो माणूस दुसऱ्या हातानंतर पाणी मारून घासत होता, ते बघत बसलो. बोटं तशीच पांढरी पडतात, सुरकुततात. तो वास परत नाकात आला, टर्पेंटाईन आणि ओल्या फरशीचा.

शेड कुणी घेतली, आता तिथे काय बनतं, मी कधी बघायला गेलो नाही. या दिवाळीत भाचा येतोय, त्याला घेऊन जाईन म्हणतो.

तुमच्या घरी कोणती गाडी होती मंडळी, आणि ती गेली तेव्हा कोण रडलं? खाली लिहा. फोटो असेल तर टाका. आमच्या फिएटचा एकच आहे, तोही रंगवण्याच्या आधीचा.