वाहते पाणी आणि उभा कॅमेरा

छायाचित्रात धबधबा दुधासारखा दिसू लागला तो अलीकडे, असा पुष्कळांचा समज आहे. अमरावती-अकोल्याकडील हॉटेलांच्या भिंतींवर आणि दुकानांच्या कॅलेंडरांवर हल्ली असे धबधबे फार दिसतात. खडक रेखीव, शेवाळ हिरवेगार, आणि त्यांवरून उतरणारे पाणी मात्र पाणी नव्हे, रेशमाचा शेला! ही डिजिटल कॅमेऱ्याची किमया आहे असे आमची तरुण मंडळी सांगतात. किमया खरी, पण ती नवी नाही. छायाचित्रणकलेच्या वयाइतकेच या दुधाचे वय आहे. फरक एवढाच की, पूर्वी तो नाइलाज होता, आणि आज त्याच नाइलाजासाठी लोक पैसे मोजून काचा विकत घेतात.

पॅरिसच्या दागेरने १८३८ साली आपल्या खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. भिंग कित्येक मिनिटे उघडे ठेवावे लागले. चित्र उमटले तेव्हा रस्त्यावर एकही घोडागाडी नव्हती, एकही वाटसरू नव्हता. दिसला तो फक्त एक गृहस्थ, बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला. जो थांबला तो राहिला. जे चालत होते ते गेले. पाण्याचेही तेच. वाहते पाणी एका जागी थांबत नाही, म्हणून काचेवर त्याचा आकार न उमटता नुसती वाट उमटते.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली आणि मिनिटांची सेकंदे झाली. त्याने पेटंट घेतले नाही. १८५७ साली तो निर्धन अवस्थेत वारला. त्याची रीत मात्र तोवर आपल्याकडे येऊन पोचली होती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, १८५५ साली एल्फिन्स्टनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेतले आपले आद्य पुरुष. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत तिचा व्यवसायच केला. आमच्या वऱ्हाडाच्या वेशीवर या कामी आला तो मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली त्याची नेमणूक झाली होती. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ साली लंडनला निघाली. त्यांत अजिंठ्याबरोबर आमचे लोणारही आहे. दोनच वर्षांनी, १८६६ साली, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला बहुतेक सगळ्या जळाल्या. भुसावळास १८७९ साली तो वारला. त्याच्या आणि पारोच्या कथेवर लोकांनी इतके लिहिले आहे की त्याच्या काचांविषयी बोलायला कोणाला सवडच उरली नाही.

वऱ्हाड त्या वेळी नुकताच, १८५३ च्या तहाने, निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. अकोल्यावरून नागपूरला जाणारी आगगाडी १८६७ ची. त्याआधी जे कोणी या मुलखात छायाचित्रे घेत हिंडत, त्यांना काचा, तंबू आणि औषधांच्या बाटल्या बैलगाडीतून न्याव्या लागत. आणि ओल्या काचेची रीत म्हणजे स्वयंपाकच होय! काचेवर कलोडियन ओतायचे, ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत नेऊन चित्र फुलवायचे. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांत. आता हे कलोडियन म्हणजे काय? तेजाबात बुडवून काढलेला कापूस, ईथर व मद्यार्कात विरघळवलेला. कापसाच्या या देशात ती काच वाळायला किती वेळ लागत असेल? ईथर पस्तीस अंशांच्या आतबाहेरच उकळू लागते, आणि अकोल्याचा वैशाख पंचेचाळिशीला सहज टेकतो.

दुसरी अडचण पाण्याची. रसायनशास्त्र मी शाळेपुरतेच शिकलो आणि शाळेपुरतेच शिकवतो. तरी रुप्याच्या क्षारात मिठाचे पाणी पडले की पांढरा साका बसतो, हे दहावीच्या मुलालाही ठाऊक असते. पूर्णाकाठचा आमचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचे पाणी रुप्याच्या क्षाराला लागले तर चित्र राहिले बाजूला, भांड्यातच दूध व्हायचे. असे पाणी टाळून, पावसाचे किंवा उकळून थंड केलेल्या वाफेचे पाणी जवळ बाळगावे लागे. चित्रातले पाणी गुळगुळीत दिसते की लाटांचे, ही तक्रार त्यानंतरची.

तरीही ती तक्रार होतीच. अचलपूर-परतवाड्याहून जवळ असलेले मुक्तागिरी पाहा. हे जैन क्षेत्र आज मध्यप्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात मोडते, पण वाट आमच्याकडूनच. फर्ग्युसनने १८७६ च्या आपल्या स्थापत्यविषयक ग्रंथात त्याचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले आहे. देवळे खोल दरीत, आणि माथ्यावरून साठ फुटांचा धबधबा. आता हिशेब करू. साठ फुटांवरून सुटलेला थेंब तळाला पोचायला सुमारे दोन सेकंद घेतो. भिंग चार-पाच सेकंद उघडे राहिले, तर त्या अवधीत एकामागून एक थेंबांच्या दोन पिढ्या काचेसमोरून निघून जातात. त्यांतल्या एकाचेही चित्र येत नाही. सर्वांच्या वाटांची बेरीज येते. जोडचित्रांच्या कॅमेऱ्यात काच लहान आणि भिंग आखूड असल्यामुळे वेळ थोडा कमी लागे. तरी कोसळते पाणी त्याच्याही आवाक्यात क्वचितच येई. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची लाट काचेवर धरली, तेव्हा लोक अचंब्याने पाहातच राहिले. लाट थांबवणे हा त्या काळी पराक्रम होता.

पाणी दुधाळ आले तर कोणाचे नुकसान झाले नाही. माणसांचे काय, हा मला खरा प्रश्न वाटतो. त्या काळातल्या छायाचित्रांत देवळे ओस दिसतात, घाट रिकामे दिसतात. असली चित्रे पुढे ठेवून कोणी म्हणतो, हा मुलूख तेव्हा उजाडच होता. तसे असेलही एखाद्या ठिकाणी. पण नुसत्या चित्रावरून ते ठरवता येणार नाही. कपडे धुणाऱ्या बाया, कावडी नेणारे गडी, गुरांमागे धावणारी पोरे, ही सगळी वाहत्या पाण्याच्याच जातीची. चित्रात राहिला तो साहेबाने खांबाशेजारी मापासाठी ताटकळत उभा केलेला एखादा शिपाई. उभा केलेला दिसतो, काम करणारा दिसत नाही. जुनी चित्रे पुरावा म्हणून वापरणाऱ्या आमच्या विद्वानांनी याचा जितका विचार करायला हवा, तितका केलेला नाही असे माझे मत आहे.

१८७१ साली डॉ. मॅडॉक्सने कोरड्या काचेची रीत सुचवली. पुढच्या दहा वर्षांत काचा फार चपळ झाल्या, आणि दुधाचा जमाना संपला.

तो परत आणला हौशी लोकांनी. डिजिटल कॅमेऱ्याला भर दुपारी सेकंदाचा साठावा भाग पुरतो. मग त्याच्या डोळ्यावर काळसर काच चढवायची. प्रकाश हजार पटींनी अडवणारी काच लावली की साठाव्या भागाचे सतरा सेकंद होतात. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट हवा. बोटाचा धक्काही लागू नये म्हणून कळ दुरून दाबतात. फार वेळ उघडे राहिले तर आतली पट्टी तापते आणि चित्रात नसलेले ठिपके उमटतात. त्यावर तोडगा मोठा मजेचा. कॅमेरा डोळा मिटून तितकाच वेळ आणखी एक अंधाराचे चित्र घेतो, आणि त्यातले ठिपके पहिल्यातून वजा करतो. काच नसेल तर झटपट पन्नास चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली तरी पाणी तसेच मऊ होते. म्हणजे गणित तेच, मुक्तागिरीच्या थेंबांचे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याबरोबर गेल्या ऑगस्टात मी भीमकुंडावर होतो. तीस सेकंदांचे चित्र चालू असताना मी कठड्याच्या कडेने, कॅमेऱ्यासमोरून, मुद्दामच चालत गेलो. पडद्यावर पाहून पोरगा हसू लागला, “सर, तुमी तं दिसूनच नाही राह्यले!” कठड्याला टेकून उभा असलेला एक कोरकू म्हातारा मात्र टोपीसकट उमटला होता. दागेरचा बुटवाला गृहस्थ मला प्रत्यक्ष भेटल्यासारखा वाटला.

हा खेळ चिखलदऱ्याला शोभतो. अकोल्याच्या मोर्णेवर तो केला की मन साशंक होते. २०१८ च्या जानेवारीत तिच्यातली जलपर्णी काढायला हजारो नागरिक पाण्याकाठी उतरले होते, ते नदी घाण झाली होती म्हणून. त्याच नदीचे पुलावरून एक मिनिटाचे चित्र घ्या. वाहता फेस, तरंगत जाणारी पिशवी, सगळे विरून जाते आणि रुप्याची पाटी तेवढी उरते. ते चित्र सुंदर असते यात शंका नाही. पन्नास वर्षांनी कोणी ते हाती घेऊन, मोर्णा तेव्हा अशी होती, असे म्हणू लागला तर त्याला कोण अडवणार? वाहते पाणी पाहून आलेली म्हातारी माणसे त्या वेळी नसतील.

चित्राखाली आपण स्थळ लिहितो, तारीख लिहितो. सेकंदेही लिहावीत, एवढेच माझे म्हणणे आहे. कॅमेरा तो आकडा स्वतःच्या फाइलीत नोंदवून ठेवतोच. पण चित्र छापून भिंतीवर टांगले की नोंद यंत्रात आणि चित्र भिंतीवर, अशी ताटातूट होते. आमच्या शाळेच्या सहलीच्या वहीत मी मुलांकडून ते पेन्सिलीने लिहून घेतो. शेवटची नोंद अशी आहे: भीमकुंड, ऑगस्ट, तीस सेकंद, समोरून एक मनुष्य गेला.