निद्रानाश (चिरकारी) आणि नियमित व्यायाम

झोपायला पुरेसा वेळ असूनही आठवड्यातून किमान 3 रात्री झोप न लागणे, मध्येच मोडणे किंवा भल्या पहाटे उडणे, त्याचा त्रास दिवसा जाणवणे आणि हे 3 महिने चालू राहणे, याला चिरकारी निद्रानाश म्हणतात. नियमित व्यायामाने तो कमी होऊ शकतो, पण हा गुण रात्रीच्या नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने येतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 2010 मधील चाचणीत 55 वर्षांवरील, फारशी हालचाल नसलेले 17 निद्रानाशग्रस्त होते. झोपेच्या सवयींचे मार्गदर्शन सर्वांनाच मिळाले. त्यांतील ज्यांनी 16 आठवडे मध्यम व्यायाम केला त्यांची झोप सुधारली, दिवसाची पेंगही घटली. मात्र व्यायाम करणाऱ्या 11 स्त्रियांच्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत व्यायामाच्या दिवशीची रात्र इतर रात्रींहून बरी गेल्याचे दिसले नाही. उलट रात्र बिघडली की दुसऱ्या दिवशीचा व्यायाम आखडे. चार दिवस चालूनही डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून चालणे सोडणारा नेमका इथेच फसतो.

रत्नागिरीत या हिशेबात पाऊस आडवा येतो. भाट्याच्या पुळणीवर किंवा थिबा पॉइंटकडे फेब्रुवारीत फिरायला लागलेल्याला गुण जाणवू लागावा तोच जून उजाडतो. वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या शहरात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या वयस्कांनी टाळाव्यात हेच बरे; पण म्हणून खंड पडू नये. पडवीतल्या झपाझप येरझाऱ्या किंवा योगासने आधीच ठरवून ठेवावीत. बंगळूरच्या एका वृद्धाश्रमात 6 महिने योगाभ्यास केलेल्यांना झोप लवकर लागू लागली व ती सुमारे तासाभराने वाढली, असे त्यांनीच सांगितल्याचे 2005 मध्ये नोंदले गेले. (ते सगळे निद्रानाशाचे रुग्ण नव्हते, हे विसरू नये.)

मिरकरवाडा बंदरात राबणाऱ्याला मग झोप का लागू नये, असा प्रश्न येतो. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. होडीच्या वेळेप्रमाणे अपरात्री उठणे, ओझ्याने धरलेली कंबर आणि कर्जाची चिंता झोपेच्या मुळावर येतात. व्यायामाची वेळ व मात्रा ज्याची त्याला ठरवता येते. संध्याकाळच्या व्यायामाने झोप उडते, ही समजूतही सरसकट खरी नाही. निरोगी प्रौढांवरील अभ्यासांच्या 2019 मधील आढाव्यात झोपण्याआधीच्या तासाभरातला जोरकस व्यायामच बाधक ठरण्याची शक्यता दिसली. सर्वांत वजनदार आक्षेप पुराव्यावरचा आहे: चाचण्या लहान, आणि आपण व्यायाम करतो आहोत हे करणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे सुधारणेत अपेक्षेचाही वाटा असतो. तो मान्यच करावा लागतो. म्हणून 2016 च्या अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या मार्गदर्शनात पहिला मान निद्रानाशासाठीच्या बोधात्मक वर्तनोपचाराला आहे. व्यायाम त्याच्या जोडीला घ्यावा. झोपेत जोराने घोरणाऱ्या, श्वास अडकून दचकून उठणाऱ्या माणसाने मात्र चालण्याच्या भरवशावर न राहता आधी डॉक्टरांकडून श्वसनरोधाची तपासणी करून घ्यावी.