हृदयाची रचना आणि रक्ताचा प्रवास : प्रत्येक घराला माहीत असायला हवी अशी गोष्ट

छातीत दुखायला लागलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो 'गॅस'. कुणी सोडा आणतो, कुणी ओवा देतो, कुणी पाठ चोळतो. बऱ्याचदा तो गॅस असतोही. पण कधी कधी तो गॅस नसतो, आणि सोडा-ओवा करण्यात जो तास जातो तो पुन्हा हाती लागत नाही. हा तास इतका मोलाचा का, हे कळायचे असेल तर हृदय आतून कसे आहे आणि रक्त कुठून कुठे जाते, हे आधी पाहावे लागेल. शाळेत ही आकृती आपण सगळ्यांनी काढली होती. परीक्षा संपली आणि विसरलो.

हृदय कुठे आणि केवढे?

हृदय छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या मागे, दोन फुप्फुसांच्या मध्ये असते. त्याचे टोक डावीकडे झुकलेले असल्यामुळे ठोका डाव्या बाजूला जाणवतो. आकार ज्याच्या त्याच्या मुठीएवढा, वजन मोठ्या माणसात साधारण ३०० ग्रॅम. बाहेरून त्याला हृदयावरण नावाची दुहेरी पातळ पिशवी असते. तिच्यात थोडा द्रव असतो, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला घर्षण होत नाही.

हृदय मिनिटाला सरासरी ७० ते ७२ वेळा आकुंचन पावते, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख ठोके. एका ठोक्यात साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. हिशेब केला तर मिनिटाला पाच लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढेच असते. म्हणजे आपण शांत बसलेलो असतानाही सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं.

चार खोल्या, चार दारे

हृदयात चार कप्पे आहेत. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. अलिंदांत रक्त येते, निलयांतून ते बाहेर ढकलले जाते. उजव्या आणि डाव्या बाजूंच्या मध्ये स्नायूंचा जाड पडदा असतो, त्यामुळे दोन्हीकडचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. काही बाळांमध्ये जन्मतः या पडद्यात भोक राहते. त्यालाच आपण 'हृदयाला छिद्र आहे' म्हणतो.

प्रत्येक अलिंद आणि निलय यांच्यामध्ये एक झडप असते : उजवीकडे त्रिदली, डावीकडे द्विदली. निलयांतून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी आणखी दोन झडपा असतात. या चारही झडपा एकाच बाजूला उघडणाऱ्या दारांसारख्या आहेत. रक्त पुढे जाते, मागे फिरत नाही. डॉक्टर छातीला नळी लावून 'लब-डब' ऐकतात, तो आवाज ही दारे मिटण्याचा असतो.

ठोका देण्याचा हुकूम बाहेरून येत नाही. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तोच विजेची लहर सोडतो. हा निसर्गाने बसवलेला पेसमेकर. तो नीट चालेनासा झाला तर यंत्राचा पेसमेकर बसवावा लागतो.

रक्ताच्या दोन फेऱ्या

शरीरभर फिरून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले गडद रक्त दोन मोठ्या शिरांतून उजव्या अलिंदात येते. तिथून उजव्या निलयात, आणि निलयातून फुप्फुसांत. फुप्फुसांत ते कार्बन डायऑक्साइड सोडते, ऑक्सिजन घेते आणि लालभडक होऊन डाव्या अलिंदात परत येते. ही छोटी फेरी.

मग ते डाव्या निलयात उतरते आणि महाधमनीतून डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाते. ही मोठी फेरी. डाव्या निलयाला रक्त लांबवर फेकायचे असते, म्हणून त्याची भिंत उजव्यापेक्षा साधारण तिप्पट जाड असते. बीपी मोजताना १२०/८० असे दोन आकडे सांगतात. वरचा आकडा निलय आवळतो तेव्हाचा दाब, खालचा तो सैल पडतो तेव्हाचा.

धमन्या फाटत फाटत इतक्या बारीक होतात की तांबड्या पेशी जवळजवळ एकामागे एक रांगेने जातात. या केशिका. ऑक्सिजन आणि अन्नाची खरी देवाणघेवाण इथेच होते. मग केशिका एकत्र येऊन शिरा बनतात. पायातल्या शिरांतही छोट्या झडपा असतात, आणि चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. म्हणून तासन् तास बसून राहणे बरे नाही.

हे कुणी ओळखले?

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन सांगून गेला होता की मधल्या पडद्यात न दिसणारी भोके आहेत आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. हजार वर्षे ते बरोबर मानले गेले. इब्न सीना यांच्या 'अल-कानून' या प्रसिद्ध ग्रंथातही हाच विचार होता.

दमास्कसमध्ये शिकलेले आणि काहिरात (कैरो) वैद्यकी केलेले इब्न अन-नफीस (१२१३ ते १२८८) यांनी १२४२ मध्ये त्याच ग्रंथातल्या शरीररचनेवर भाष्य लिहिले आणि ठामपणे सांगितले : हा पडदा जाड आहे, त्यात दिसणारी वा न दिसणारी कोणतीही वाट नाही. उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांत जाते, तिथे हवेशी मिळते आणि मगच डाव्या बाजूला पोहोचते. इब्न सीनांबद्दल आदर होताच, पण चूक ती चूक. हे हस्तलिखित पुढे विस्मरणात गेले. १९२४ मध्ये मुहियुद्दीन अत-ततावी या मिसरी डॉक्टरने जर्मनीत ते उजेडात आणले. शरीरभरच्या संपूर्ण अभिसरणाचा पुरावा मात्र विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये दिला, आणि केशिका माल्पिघी यांनी १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

इब्न अन-नफीस यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती, आणि आपल्या घरांसाठी तीच जास्त महत्त्वाची आहे. हृदयाला पोषण कप्प्यांतल्या रक्तातून मिळत नाही, तर त्याच्या स्वतःच्या मांसातून जाणाऱ्या वाहिन्यांतून मिळते.

हृदयाची स्वतःची तहान

पाठीवर भरलेली पखाल घेऊन फिरणाऱ्या भिश्त्याची तहान नुसत्या पखालीने भागत नाही. हृदयाचेही तसेच. रक्ताने भरलेले असूनही त्याच्या स्नायूला ते थेट वापरता येत नाही. महाधमनीच्या मुळापासून दोन धमन्या फुटतात, उजवी आणि डावी, आणि त्या हृदयाच्या अंगावर पसरतात. त्यांना हृदधमन्या म्हणतात. त्यांची रुंदी जेमतेम काही मिलिमीटर.

तंबाखू-विडी, मधुमेह, वाढलेले बीपी आणि कोलेस्टेरॉल यांमुळे त्यांच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, तिथे रक्ताची गुठळी बनते आणि वाट बंद होते. हाच हार्ट अटॅक. वाट पूर्ण बंद झाली तर अर्ध्या तासाच्या आत स्नायूच्या पेशी मरू लागतात, आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी, दोन्हींचा उद्देश एकच : वाट लवकर मोकळी करणे.

घरात काय लक्षात ठेवायचे?

छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ ही लक्षणे ओळखा. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत फारसे न दुखता नुसता दम लागणे, मळमळ किंवा विलक्षण थकवाही असू शकतो. अम्मी 'काही नाही, जरा दमलेय' म्हणाली तरी एकदा नीट विचारा.

अशा वेळी माणसाला बसवा, जिने चढ-उतार करायला लावू नका, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. पहिला ईसीजी ठीक आला तरी डॉक्टर थांबायला सांगत असतील तर थांबा.

माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास घेत नसेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. आतला निलय जे काम करायचा ते तुम्ही बाहेरून करत असता.

हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर रमजानमध्ये त्या मनाने बंद करू नका किंवा वेळ बदलू नका. रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटून विचारून घ्या.

गॅस असेल तर दवाखान्यातून हसत घरी येऊ. गॅस नसेल, तर वेळेवर गेलो याचे समाधान असेल.