दोन पूर्णांक तीन अष्टमांश

मागच्या मंगळवारी पहाटे तीन वाजता लेक रडायला लागली. मॉनिटरवर बघितलं तर बाईसाहेब क्रिबमध्ये उभ्या! दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला, पाय लटपटतायत, आणि तोंडाने भोंगा चालू. रडण्याचं कारण कळायला मला पाच मिनिटं लागली. उभं राहणं जमलं होतं, बसायचं कसं ते माहीतच नव्हतं. मी जाऊन बसवलं, खोलीच्या दारापर्यंत आलो, मागे वळून बघतो तर पुन्हा उभी. असं साडेचारपर्यंत चाललं.

सकाळी आईला सांगितलं. (आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली आहे.) तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. "अरे, आठ महिने झाले की धरून उभी राहतातच. आपल्याकडे पोर पालथं पडायला लागलं की पाळणा सोडवून ठेवायचे. तुम्ही मात्र तिला पिंजऱ्यात ठेवलंय."

आईचा आठ महिन्यांचा हिशोब बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बाळांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली ८१६ मुलं त्यात होती. आपल्याकडची मुलं दिल्लीची. धरून उभं राहण्याची सरासरी निघाली ७.६ महिने, पण कुणी पाचव्या महिन्याच्या आतबाहेर उभं राहतं, कुणी अकरा महिने पुरे करतं, आणि दोन्ही ठीकच. तेव्हा शेजारच्यांची पोरगी आधी उभी राहिली म्हणून झुरायचं कारण नाही.

पिंजऱ्याचं मात्र मनाला लागलं. म्हणून संध्याकाळी गादी खालच्या खाचेत बसवायला ॲलन-की घेऊन बसलो (बाळ उभं राहायच्या आतच हे करायचं असतं, मला उशीर झाला होता) आणि सोबत आलेलं पुस्तक पहिल्यांदाच नीट वाचलं. त्यात एक आकडा दिसला. दोन गजांमधलं अंतर २ पूर्णांक ३/८ इंचांपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण ६ सेंटिमीटर. माझ्यासारख्या कोडकामगाराला असा विचित्र आकडा दिसला की झोप येत नाही. कुणीतरी सहज ठरवलेला आकडा दोन इंच किंवा अडीच इंच असतो. तीन अष्टमांश म्हणजे यामागे कुणीतरी काहीतरी मोजलेलं असणार.

आणि मोजलंच होतं. अमेरिकेत १९६७ ते १९७० या काळात घरगुती वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक राष्ट्रीय आयोग बसला होता. त्यातूनच पुढे १९७२ च्या कायद्याने कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन ही कायमची संस्था जन्माला आली. तिच्या सुरुवातीच्या नियमांतला एक क्रिबचा. तो १९७३ साली ठरला आणि १९७४ पासून लागू झाला. त्याआधी गजांमधलं अंतर याहून बरंच जास्त असू शकायचं, आणि बाळं त्यात अडकून जायची. अडकायची कशी, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं.

आपल्याला वाटतं मूल गजांतून डोकं बाहेर काढेल आणि अडकेल. बहुतेक वेळा व्हायचं उलटं. बाळाचे पाय आधी बाहेर जातात. मग ढुंगण; ते मऊ असतं, दाबलं जातं, सरकतं. मग पोट, मग छाती. आणि शेवटी डोकं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, ते काही बाहेर येत नाही, आणि पाय तर जमिनीला टेकत नाहीत. म्हणून नियम डोक्याच्या मापावरून नाही, तान्ह्या बाळाच्या ढुंगणाच्या मापावरून ठरवला. ढुंगणच गेलं नाही तर पुढचं काही घडतच नाही. एखाद्या सिस्टीममध्ये चूक जिथे फुटते तिथे पॅच न मारता जिथे शिरते तिथेच दार बंद करायचं, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात आणि आम्ही पहिल्या डेडलाइनला विसरतो. इथे ते १९७३ सालीच केलेलं होतं. (घरी तपासायची सोपी युक्ती: सोड्याचा कॅन गजांमधून जाता कामा नये. मी गेलो फ्रिजकडे. नाही गेला.)

त्याच नियमात उभ्या राहणाऱ्या बाळाचाही विचार आहे. गादीची फळी सगळ्यात खालच्या खाचेत असताना कठडा तिच्यापासून निदान २६ इंच उंच हवा. आणि मूल ३५ इंचांचं झालं की क्रिब बंद. कोपऱ्यावरचे शोभेचे लट्टू मात्र बराच काळ राहिले. उभ्या बाळाचा झबला किंवा गळ्यातली दोरी त्यात अडकायची. आता कोपऱ्याचा खांब कठड्याच्या वर एक षोडशांश इंचापेक्षा जास्त येऊ देत नाहीत. आई म्हणाली, "म्हणून दृष्टीचा दोरा काढलास होय?" होय.

बंपरची गोष्ट तर माझी सगळ्यात आवडती. क्रिबच्या आतून कडेने बांधायच्या त्या गुबगुबीत गाद्या हो! आल्या कशासाठी? गज लांब लांब होते त्या काळी फट झाकायला. मग १९७४ नंतर फटच उरली नाही. बंपर गेले? छे. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते छान दिसतात म्हणून विकले गेले. बग फिक्स झाला, वर्कअराउंड तसाच राहिला आणि पुढे तोच बग झाला. तान्ही बाळं त्यात तोंड खुपसून गुदमरायची, आणि उभी राहणारी त्यावर पाय देऊन कठडा ओलांडायची. आमच्या शिकागो शहराने २०११ साली त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, देशात पहिली. सगळ्या देशात बंदी यायला २०२२ उजाडलं.

असो. आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी शनिवार घालवला.

आमच्याकडे एक दुसरी क्रिब होती, खालच्या मजल्यावर. एका मित्राने दिलेली. मंडळाच्या गणपतीत भेटला तेव्हा म्हणाला, "विकत कशाला घेतोस? आमची दोन्ही पोरं त्यात वाढली, गराजमध्ये पडून आहे." चांगली सागवानी रंगाची, आणि तिची एक बाजू कळ दाबली की खाली सरकायची. आईला ती फार आवडायची, कारण वाकावं लागत नाही. दुपारची झोप त्यातच व्हायची.

त्या सरकणाऱ्या बाजूला ड्रॉप-साइड म्हणतात, आणि अमेरिकेत २०११ च्या जूनपासून तिच्यावर बंदी आहे. हे मला माहीतच नव्हतं. आमची लेक जन्मायच्या किती आधीची गोष्ट!

झालं असं. ती बाजू ज्या खोबणीतून सरकते तिथले भाग बहुधा प्लास्टिकचे. ते झिजतात, तुटतात, स्क्रू सैल होतात. एक कोपरा सुटला की गादी आणि कठडा यांच्यात फट पडते, आणि बाळ त्यात घसरतं. २००० सालापासूनच्या दहा वर्षांत अशी निदान ३२ मुलं गेली. २००७ साली एका कंपनीच्या जवळपास दहा लाख क्रिब परत बोलावल्या गेल्या, शिकागो ट्रिब्यूनच्या पाठपुराव्यानंतर. त्या वर्षीच्या असल्या बातम्यांना पुढे पुलित्झर मिळालं. त्या क्रिबचा एक दोष असा की ती बाजू उलटी बसवली तरी बसायची, आणि बघणाऱ्याला ठीकठाक दिसायची. आमच्या धंद्यात याला युझर एरर म्हणून तिकीट बंद करतात. पण रात्री अकराला, आठ महिन्यांच्या गरोदर बायकोसमोर, चित्रं बघून फर्निचर जोडणारा माणूस चुकणार हे गृहीतच धरायला हवं ना?

कायदा बदलला तो एका वेगळ्या क्रिबमुळे, तीही शिकागोतच. १९९८ सालच्या मे महिन्यात डॅनी कायझर नावाचा, दीड वर्षाचाही न झालेला मुलगा पाळणाघरात घडीच्या क्रिबमध्ये गेला. दोन्ही बाजूंचे कठडे आत कोसळून इंग्रजी व्ही अक्षरासारखे झाले आणि मान त्यात सापडली. ती क्रिब पाच वर्षांपूर्वीच, १९९३ साली, परत बोलावलेली होती. पाळणाघराच्या बाईंना माहीत नव्हतं. आईवडिलांनाही नाही. ते दोघं शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांनी त्याच वर्षी 'किड्स इन डेंजर' ही संस्था काढली आणि दहा वर्षं लढले. २००८ च्या वस्तुसुरक्षा कायद्यातल्या एका भागाला डॅनीचं नाव आहे, आणि क्रिबचे आजचे नियम त्या भागातूनच आले.

नव्या नियमांत एक चाचणी आहे, ती वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. यंत्राने क्रिबची बाजू उभी-आडवी गदागदा हलवतात, पुन्हा पुन्हा. मुलं वर्षानुवर्षं कठडा धरून जे काही करतात त्याची ही नक्कल. आणि चाचण्यांच्या मध्ये स्क्रू पुन्हा पिळायचे नाहीत. म्हणजे आमच्यासारखं, दर टेस्टच्या आधी सर्व्हर रीस्टार्ट करून सगळं हिरवं दाखवायचं नाही!

हे वाचलं आणि मी खाली गेलो. मित्राच्या क्रिबचा कठडा धरून हलवला. डावा खालचा कोपरा सुटा होता. गादी आणि कठड्याच्या मधे माझा पंजा गेला, मनगटापर्यंत. दोन महिने माझी मुलगी रोज दुपारी त्यात झोपत होती आणि गेला आठवडाभर तोच कठडा धरून उभी राहत होती.

मित्राला फोन केला. तो जरा दुखावला. "अरे, आमच्या पोरांना तर काही झालं नाही." मी म्हटलं, नाही झालं, देवाची कृपा. मग विचारलं की आणखी कुणाला द्यायचं मनात होतं का. होतं. आमच्यानंतर त्याच्या मेहुणीला. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बरं, तोडून टाक."

अशी क्रिब विकायची नाही, दान द्यायची नाही, आणि कचऱ्यात टाकतानाही सुटी करून टाकायची, म्हणजे कुणी उचलून नेऊन पुन्हा जोडणार नाही. शनिवारी दुपारी गराजमध्ये करवत घेऊन बसलो. आई दारात उभी राहून बघत होती. आधी म्हणाली, लाकूड चांगलं आहे रे, पांगुळगाडा झाला असता. मग मी तिला तो कोपरा दाखवला. तिने स्वतःचा हात त्या फटीत घालून बघितला, काही न बोलता आत गेली आणि लेकीला मांडीवर घेऊन बसली.

वरच्या क्रिबमध्ये परवा ती तीन वाजता पुन्हा उभी होती. आता आम्ही दिवसा तिला बसायला शिकवतोय. खेळणं खाली ठेवायचं, गुडघे जरा वाकवून द्यायचे. काल एकदा धप्पकन बसली, आणि स्वतःच दचकली.